पाच ग्रॅम मोरचुदातलं तांबं

६ जानेवारी २०२५

देवळालीच्या शाळेतून फोन. आहेर सर निवृत्त होतायत. रविवारी समारंभ — माजी विद्यार्थ्यांतर्फे मी बोलायचं, तीन मिनिटं. मी कुठेच बोलत नाही. सरांसाठी हो म्हटलं.

७ जानेवारी

पिंपळगावच्या लॅबमध्ये दिवसभर द्राक्षाच्या देठांचे नमुने तपासले. चाळीस! जेवणाच्या सुट्टीत भाषण लिहायला घेतलं. किस्सा एकच.

अकरावी. गुणांचं प्रॅक्टिकल. पाच ग्रॅम मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटमध्ये, तांबं किती? सरांनी फळ्यावर रीत दिली होती, त्यामुळे सगळ्यांचं उत्तर १.९९ ग्रॅम. माझं १.२७. निळ्या खड्यांत पाण्याचे पाच रेणू असतात, वजनात तेही धरावे लागतात. बाटलीच्या लेबलवर तसं लिहिलं होतं. मी धरले. सर म्हणाले, "फार शहाणी झालीस?" आणि शून्य दिलं. बाबा शाळेच्या त्याच लॅबमध्ये परिचर. मागे बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले, फळा पुसला. "साक्षीचं बरोबर. सगळ्यांनी दुरुस्त करा."

एवढंच. पण त्या सकाळचं सगळं लक्षात आहे — स्पिरिटच्या दिव्याचा वास, ओल्या फडक्याने काळाभोर झालेला फळा, तोफखान्याच्या सरावाने थरथरणाऱ्या खिडक्या. एवढा मोठा माणूस चूक सुधारतो! केमिस्ट्रीच घ्यायची, हे तेव्हा ठरलं.

९ जानेवारी

बाबांना भाषण वाचून दाखवलं. त्यांचं एकच — हा किस्सा नको. सरांचा दिवस आहे, त्यांची चूक कशाला काढायची? चूक नाही, मोठेपण सांगतेय, म्हटलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

राग आला. तेव्हाही गप्प, आताही गप्प.

१० जानेवारी

किस्सा ठेवणार.

१२ जानेवारी

माझ्या आधी सर बोलले. बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "हा आमचा सावळीराम! एकदा मोरचुदाच्या बाटलीला भलतंच लेबल लावलं यानं. पाण्याचा उल्लेखच नाही. त्याच्या नादानं माझं गणित चुकलं, आणि पकडलं कुणी? याच्याच पोरीनं!"

हॉल हसला. बाबाही हसले, हात जोडून.

ते लेबल मी वाचलं होतं. बरोबर होतं. आणि नसतं तरी काय? पाणी नसलेलं मोरचूद पांढरं असतं. समोर निळे खडे होते. सरांना हे माहीत नव्हतं?

माझं नाव पुकारलं. माईकपाशी गेले, सरांना चांगलं आरोग्य चिंतलं, परत येऊन बसले. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

१३ जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. बाबा म्हणाले, मला शून्य मिळालं त्या संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन त्यांनी स्वतःच सांगितलं — लेबल माझ्याकडून चुकलं, पोरीचे मार्क तेवढे बघा. नंतर त्यांना शाळेकडून चुकीबद्दल मेमो मिळाला. बारा वर्षांत घरात कुणाला बोलले नाहीत.

"तुला सांगितलं असतं तर तू सरांशी भांडली असतीस."

भांडले असते.