सहा टेबलं आणि एक हो

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं जरा जास्त वेळ ठेवतो आहे, कारण वर बघायची छाती नाही.) पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची रीत आहे, पण तुझ्या तब्येतीचं तू मला गेल्या मंगळवारी फोनवर बहुधा सांगितलंस, आणि त्या 'बहुधा'पायीच हे पत्र लिहायला बसलो. इकडे दुकान चालू आहे, घरातली माणसं चांगली आहेत, मी सोडून. फोनच केला असता, पण फोनवरच्या माझ्या बोलण्यावर माझाच विश्वास उरलेला नाही.

दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं हे तुला काय सांगायचं. माझ्या आधी दहा वर्षं त्याच खुर्चीत बसून तूच लोकांची घड्याळं उघडलीस आणि माझ्या हातात चिमटाही तूच दिलास. फरक एवढाच, की रिकामी दुपार मिळाली की तू भिंतीवरच्या घड्याळांची धूळ पुसायचीस आणि मी बिलांच्या कम्प्युटरवर पत्ते खेळायला लागलो. पोकर म्हणतात त्याला. कुठले कुठले आठ अनोळखी लोक एका हिरव्या टेबलाभोवती बसतात (बसतात म्हणजे त्यांची नावं दिसतात, माझं नाव 'शांत डोकं' आहे, हसू नकोस), प्रत्येकाला दोन पानं मिळतात, आणि आपली पाळी आली की टुंग वाजतं. पंधरा सेकंदांत ठरवायचं, राहायचं की पानं टाकायची. शहाणा माणूस दहातल्या आठ वेळा पानं टाकून मोकळा होतो. मग उरलेला वेळ करायचं काय? म्हणून मी दुसरं टेबल उघडलं. तिथेही पानंच टाकायची होती, म्हणून तिसरं. असं करता करता दोन महिन्यांत एकाच वेळी सहा टेबलं झाली. पैसे फारसे गेले नाहीत, चार चामडी पट्टे येतील एवढेच. गेली ती अक्कल, आणि ती आधीही काही पोत्याने भरलेली नव्हती.

तुझा नियम मला पाठ आहे: एका वेळी एकच घड्याळ उघडायचं, नाहीतर एकाचा जीव दुसऱ्यात जातो. तो मी पाळला नाही. टुंग वाजलं की हातातलं खाली ठेवायचो, आणि परत उचलायचो ते भलतंच. निवृत्त हेडमास्तरांच्या जाडजूड घड्याळात नर्सबाईंच्या घड्याळाचा नाजूक सोनेरी काटा बसला. हेडमास्तरांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि या वयात मला बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं. घरीसुद्धा तीच गत. हिने भाजी वाढू का विचारलं, तर मी पापणी लवायच्या आत ताट पुढे सरकवून म्हणालो, पानं टाकली. (भाजी आवडीची होती. तशीच परत गेली.)

आता मंगळवारचं. तुझा फोन आला तेव्हा सहाही टेबलं रंगात होती. मी तुला कानाशी धरलं आणि मान खांद्याला चिकटवली. तू चाळीस मिनिटं बोललीस. अक्का, त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात गेलेला नाही. मी 'हं' म्हणत होतो, मधे 'बरोबर आहे' म्हणत होतो, एकदा 'अरेरे' म्हणालो ते माझी पानं पडली म्हणून. मग चौथ्या टेबलावर मला दोन राण्या आल्या. मी होतं नव्हतं ते सगळं पुढे सारलं आणि त्याच दमात तुला म्हणालो, "हो अक्का, त्यात विचारायचं काय?" मग तुझ्या रडण्याचा आवाज आला, तो मात्र ऐकला. तू म्हणालीस, "एवढं शांतपणे माझं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं रे." राण्या हरल्या. मला तेव्हा त्यांचंच वाईट वाटलं, हेही लिहून टाकतो.

त्यानंतर माझी जी वाहवा सुरू झाली आहे, ती सोसवत नाही. दादाने फोन करून सांगितलं की साठ वर्षांत पहिल्यांदा त्याला मी त्याचा धाकटा भाऊ असल्याचा अभिमान वाटला. (माझं वय त्रेपन्न, पण त्याच्या कौतुकात हिशेब कुठे काढायचा.) ही म्हणाली, "अक्कांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही मला न विचारता हो म्हणालात, पण मी तरी नाही कसं म्हटलं असतं?" मी समजूतदार चेहरा करून मान हलवली. आता तिने पुढच्या खोलीतलं निम्मं कपाट रिकामं केलं, वाटेतली स्टुलं आणि पायपुसणी उचलून माळ्यावर टाकली. मला वाटलं, मी घर रंगवायला कबूल झालो असणार. काल तुझं पार्सल आलं. त्यात तुझं डोळ्याला लावायचं भिंग आणि तुझा तो बारीक टोकाचा चिमटा, जो तू मला कधी हात लावू दिला नाहीस. सोबत चिठ्ठी नाही. दोन्ही वस्तू समोर ठेवून बसलो आहे आणि आपण चोर आहोत असं वाटतं आहे.

तुझा न ऐकणारा,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं: मी कशाला हो म्हणालो? एका ओळीत कळव. जे असेल ते करीन, पण काय ते कळू दे.

ता. क. २. हिला यातलं काही बोलू नकोस. टेबलं मी बंद केली आहेत. (चार. दोन चालू आहेत, पण त्यांचा आवाज बंद केला आहे.)

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. दारात तू, मोठी बॅग, आणि तुझा हात धरून रिक्षावाला. "आले रे," म्हणालीस, "तू हो म्हणालास म्हणून तिकडचं घर सोडण्याचा धीर झाला." मग आत येताना तुझा हात टेबलावरच्या या पाकिटाला लागला. कुणाचं पत्र विचारलंस. मी म्हणालो, तुझंच. त्यावर तू हसून म्हणालीस, "मग तूच वाचून दाखव. अक्षर लागत नाही आता, मंगळवारी सांगितलं नाही का?"

म्हणजे हे सगळं मला मोठ्याने वाचायचं आहे. आत्ता तू आत तोंड धुते आहेस तेवढ्यात मनात आलं की नमस्कार आणि खुशाली वाचून थांबावं, तुला कुठे दिसणार आहे. हे मनात आलं याची लाज वरच्या सगळ्या लाजेहून मोठी आहे, म्हणून तेही लिहून ठेवलं. उरलेली दोन टेबलं बंद केली. तू बाहेर येऊन खुर्ची चाचपते आहेस. खुर्ची देतो आणि वाचायला घेतो.