झरीवरचा डोंगर

डिचोली,
१२ ऑगस्ट २०२४

चि. गोकुळदास,

तुला, प्रभावतीला आणि मुलांना माझे आशीर्वाद. इथं सगळं बरं आहे. यांचा गुडघा पावसाने पुन्हा धरलाय, तरी सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची वाट बघत फाटकाशी उभे राहतातच. ऐकतील तर शपथ!

तुझे कागद पोचले. त्याबद्दल पुढे लिहिते.

काल आमच्या नदी राखणाऱ्या मंडळींनी शाळेतली मुलं झरीवर नेली. आधी विचारलं, घरात पाणी येतं कुठून? सगळी ओरडली, "टाकीतून!" देवा रे! मग त्यांना विहिरीपासून ओहोळाच्या काठाने वर नेलं. डोंगरात मुरलेला पाऊस झरीतून बाहेर येतो, ओहोळातून वाळवंटी नदीला मिळतो, म्हणून मे महिन्यातही आपल्या विहिरींना पाणी असतं, असं मी सांगत होते. या वयात मास्तरीण झाली म्हणून हसशील. हस.

वर पोचलो तर झरीचं पाणी लाल. वरच्या अंगाला रस्त्यासाठी मशीन लावून डोंगर खरवडलाय, ती सगळी माती खाली येतेय. आम्ही जूनमध्ये लावलेली रोपं चिखलात गाडली गेली. एका मुलीने विचारलं, "काकी, हो डोंगर कोणाचो?"

मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझा. माझा आणि माझ्या भावाचा." लाजेने मेल्यासारखं झालं रे मला. सौदा व्हायच्या आधीच डोंगर घेणाऱ्या त्या माणसाला मशीन घालू दिलंस? मला एका शब्दाने विचारलं नाहीस, आणि आता सही तेवढी हवी?

गोव्याचा कायदा तुला माझ्यापेक्षा बरा ठाऊक. बहिणीची आणि तिच्या नवऱ्याची सही झाल्याशिवाय बाबांचा इथला डोंगर विकता येत नाही. यांनी सही केली. "भावाशी वैर नको," म्हणाले. माझी जागा मी कोरीच ठेवून कागद परत पाठवतेय. माझी सही मिळणार नाही.

तुझी अडचण मला कळते. हायवे रुंद झाला त्यात दुकान गेलं, नवं उभं करायला हवं. माझ्या वाट्याचं कुळागर घे, मी आनंदाने तुझ्या नावावर करते. पण तिथल्या माडा-पोफळींनाही पाणी त्याच झरीचं लागतं, एवढं ध्यानात ठेव.

फोनवर तू म्हणालास, सही नसेल तर गणपतीच्या चवथीला धारगळच्या घरी पाऊल टाकू नको. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच ना रे?

तरी मी येणार. चवथीच्या सकाळी येईन. दार लावलंस तर ओसरीवर बसेन, आरती बाहेरून म्हणेन आणि घरी परत जाईन. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तू ठरव. सही मात्र मागू नकोस.

तुला मान्य असो वा नसो,
तुझी थोरली बहीण
विनोदिनी