डायनामो निर्दोष सुटला

ती. दादा,

काळ्या हातांनी साष्टांग नमस्कार. (कागदावरचे डाग ग्रीसचे आहेत, गैरसमज नको.) तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आई-अप्पा ठणठणीत आहेत, आजारी आहे ती अप्पांची जुनी गाडी.

तू तिला गिऱ्हाईक शोधलंस आणि रविवारी त्याच्यासमोर ती एका झटक्यात सुरू झाली पाहिजे, असं मला बजावलंस. लांब बसून बजावायला काय जातंय! संध्याकाळी बॅटरी भरून आणून बसवली की दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येईपर्यंत ती ठार. चावी फिरवली की गाडी नुसती खाकरते. वायरमनला बोलावलं. त्यानं पट्टा ताणला, बॅटरी भरणाऱ्या डायनामोचे झिजलेले कार्बन बदलले, मीटर लावला. इंजिन चालू असताना चार्जिंग अगदी झकास. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरणं. मी हौसेनं नवीकोरी बॅटरी आणली, तर तिनंही मान टाकली. वायरमननं हात टेकले, मी डायनामोच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि अप्पा शेजारी उभे राहून "जुनी गाडी, चालायचंच" म्हणत होते. (तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी गाडीला कुणी जुनी म्हटलं तर जेवत नाहीत.)

काल डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आलो, तर गॅरेजच्या बंद दाराखालून उजेड. दार ढकललं. गाडीचे पुढचे दिवे फुल्ल, इंजिन बंद, स्टिअरिंगवर अप्पा, शेजारी मांडीवर ताट घेऊन लसूण सोलणारी आई. डोळ्यांपायी डॉक्टरांनी अप्पांचं गाडी चालवणं बंद केल्यापासून दोघांचं हे रोजचं फिरणं चालू आहे. अंधारात आई बसत नाही, म्हणून दिवे. इंजिनच बंद, मग बिचारा डायनामो बॅटरी भरणार कशानं?

"हळू घ्या, पुढे वळण आहे," आई म्हणाली, आणि अप्पांनी मुकाट्यानं गिअर बदलला. मला हसू आलं. मला बघून अप्पा वरमले. आईनं मात्र मागची सीट दाखवली. बसलो.

तुझा,
धाकटा

ता. क. गिऱ्हाइकाला सांग, गाडीचं चार्जिंग कायमचं गेलंय. (तुला खोटं बोलवत नसेल तर त्याचा नंबर दे, मला छान जमतं.)

ता. क. आणखी एक. मागं बसल्यावर मी विचारलं, निघालोय कुठे? आई म्हणाली, "दादाकडे." रोज तुझ्याकडेच निघतात म्हणे, बॅटरी वाटेत उतरते. तेव्हा रविवारी तूच ये. चार्जर घेऊन ये.