चादरी पांढऱ्याच होत्या

प्रिय मुकादम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच खणात टाकलं नसशील, असं धरून चालतो. हाताने लिहितोय, कारण पडद्यासमोर फार वेळ बसायला मला सध्या मनाई आहे. आणि खरं सांगू का, फोनवर हे जमलं नसतं. फोनवर आपलं हल्ली ठरूनच गेलंय. तू विचारतेस तब्येत कशी आहे, मी म्हणतो बरी आहे, आणि मग फोन आईच्या हातात. चार वर्षं झाली याला. एके काळी आपण दोघं सिनेमाच्या एका चौकटीवरून अख्खी सकाळ भांडायचो आणि शेवटी आईने ताटं वाढल्यावरच उठायचो. आता तीन वाक्यांत आटपतं. चूक कोणाची, हा प्रश्न या चार वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारला नाही. उत्तर पाठ होतं ना. चूक तुझी.

आधी बातमी सांगतो. आज आठ दिवस झाले, माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आईवर रागावू नकोस, तुला कळवायचं नाही अशी शपथ मीच तिला घातली होती. निमित्त काय झालं, तर मोज्यांचं. एका पायात निळा आणि दुसऱ्यात काळा मोजा घालून मी वाचनालयात जाऊन आलो, वर दारातच आईशी हुज्जत घातली की दोन्ही काळेच आहेत. ती पोट धरधरून हसली आणि मग एकदम हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तुझ्याच वयाच्या असतील. तपासून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, काका, तुम्ही काम काय करता? मी छाती काढून सांगितलं, जुन्या सिनेमांच्या वेगवेगळ्या देशांत निघालेल्या डीव्हीडी शेजारी शेजारी लावून कुठलं चित्र चांगलं, कुठला रंग खरा, ते लिहितो. जगभरातले शौकीन इंटरनेटवरचं माझं पान वाचूनच डिस्क विकत घेतात. बाईंनी कागदावरून मान वर केली. मग हळूच म्हणाल्या, या डोळ्यांनी?

तेव्हा मला त्यांचा राग आला. जिना उतरताना आईला म्हटलंसुद्धा, काय आगाऊ बाई आहे.

त्या खोलीची तुला आठवण येते का गं? टीव्हीमागची भिंत आपण दोघांनी राखाडी रंगवली होती, रंगीत भिंतीने डोळा फसतो म्हणून. तू तेव्हा आठ वर्षांची. भिंतीपेक्षा तुझ्या केसांनाच रंग जास्त लागला होता आणि आईने दोघांनाही फैलावर घेतलं होतं. दोन प्लेअर, एक टीव्ही आणि दोन रिमोट. एकच चौकट दोन्ही डिस्कवर नेमकी थांबवायची तर एकट्या माणसाचं काम नाही ते. दोन्ही रिमोट तू दोन हातांत धरून बसायचीस आणि मी एक, दोन म्हटलं की तूच ओरडायचीस, थांब! मी उशिरा मोजलं तर मलाच झापायचीस. मुकादम हे नाव तेव्हा पडलं. उत्तरेकडच्या देशांतली डिस्क लावली की तू खूश, कारण तिथल्या टीव्हीच्या पद्धतीमुळे सिनेमा जरा पळतो, दीड तासात चारेक मिनिटं वाचतात आणि सगळ्यांचे आवाज किंचित बारीक होतात. तू म्हणायचीस, बाबा, या देशातल्या लोकांना घरी जायची घाई आहे. कुठल्या डिस्कवर कडेला हात कापला गेलाय, कुठे पुसपुसून चेहरे मेणाचे करून टाकलेत, हे माझ्याआधी तुला दिसायचं. मी ते लिहायचो आणि खाली स्वतःचं नाव घालायचो. तुझं नाव घालायचं मला कधी सुचलंच नाही.

आणि आपला सगळ्यात लाडका, धोबिणीचा सिनेमा. त्याचं खरं नाव आपल्या घरात कोणी घेतलंच नाही. गच्चीवर ती चादरी वाळत घालते, वारा सुटतो आणि सगळा पडदा चादरींनी भरून जातो, तो प्रसंग आपण किती डिस्कवर पाहिला असेल! रंग तपासायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण धुतलेली चादर पांढरी असते हे सगळ्या जगाला माहीत आहे. लाल खोक्यातली डिस्क, दूरच्या एका बेटावरून मागवलेली डिस्क, ती दोन तबकड्यांची महागडी. आणि मग चौथी, जुन्या सिनेमांचे उडालेले रंग तू जिथे परत आणायचीस त्या प्रयोगशाळेची.

सात महिने तू त्या सिनेमावर घालवलेस, हे मला ठाऊक होतं. मूळ प्रतीचा हातभर तुकडा कुठल्याशा तळघरात सापडला तेव्हा तू फोनवर नाचत होतीस. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात तो तुकडा धरून खरे रंग बघायचे आणि मगच कामाला बसायचं, असं सांगितलं होतंस. डिस्क आली. शेवटच्या पाट्यांमध्ये तुझं नाव आलं तेव्हा मी ते थांबवून बराच वेळ बघत बसलो होतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्यानंतर मी काय लिहिलं ते मात्र तुला पाठ असेल. मलाही आहे. या प्रतीला कावीळ झाली आहे, असं लिहिलं. धोबिणीने चादरी धुवायच्या राहूनच गेल्या आहेत, असं लिहिलं. लाल खोक्यातली जुनी डिस्कच खरी, तिथल्या चादरी दुधासारख्या आहेत, असा निकाल दिला. आई शेजारी बसली होती. तिने चष्मा पुसून परत पाहिलं आणि म्हणाली, अहो, मला तर या पांढऱ्या दिसतात, त्या लाल खोक्यातल्याच निळ्या आहेत. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. ती उठून आत गेली.

पोरगी आहे म्हणून पदरचा एक गुण जास्त दिला असं कोणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच धार लावली होती. हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जीभ अडखळते, पण आता सांगून टाकतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या कामाला नावं ठेवली आणि तू ते काम स्वतः करून दाखवलंस. कौतुक वाटत होतं, आणि पोटात कुठेतरी दुखतही होतं. तेवढ्यात पिवळी चादर दिसली, आणि मला बरं वाटलं गं. खरंच बरं वाटलं. याची मला आता शरम वाटते.

पुढचं सगळं तुझ्यावर गुदरलं. माझं लिखाण वाचून दहा जणांनी तेच लिहिलं, कंपनी घाबरली, दुसऱ्याच कोणाकडून त्यात निळा ओतून घेतला आणि तुझं नाव पाटीवरून गेलं. तू रंगांचं खातं सोडलंस आणि सिनेमाखालच्या ओळी लिहिणाऱ्या खात्यात जाऊन बसलीस. आई म्हणाली, पोरीने हाय खाल्ली. मी म्हटलं, चूक दाखवली तर एवढं लावून घेऊ नये, या धंद्यात कातडी जाड लागते. माझ्या जिभेला हाड नाही, असं आई नेहमी म्हणते ते उगाच नाही.

आता त्या सकाळचं सांगतो. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा समोर आईच होती. मी म्हटलं, हा स्वेटर नवा का? ती म्हणाली, अहो, सहा हिवाळे घालतेय. सहा हिवाळे मी त्याला मातकट म्हणत आलो. तो फिकट जांभळा आहे! आईला किती शोभतो म्हणून सांगू. घरी आल्यावर मला खेळच मिळाला. डावा डोळा अजून जुनाच आहे. डावा झाकायचा, स्वयंपाकघराचा ओटा पांढराशुभ्र. उजवा झाकायचा, त्याच ओट्यावर कोणी चहा सांडून पुसलाय असं वाटावं. एकाच घराच्या दोन डिस्क, शेजारी शेजारी. खिडकी, दूध, वर्तमानपत्र, बाथरूमच्या फरशा, सगळीकडे मी एकेक डोळा झाकत हिंडलो. आई म्हणाली, आता शेजारीपाजारी जाऊन डोळे मारू नका म्हणजे झालं. मी हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. मी स्टूल ओढून तिथेच बसलो.

दोन दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर आईने तुझी डिस्क कपाटातून काढून टेबलावर ठेवली. दोन्ही प्लेअर लावले. आईने एक रिमोट घेतला, मी एक. तिला काही ते एक, दोन, थांब जमेना, धोबीण एकीकडे दोरीपाशी आणि दुसरीकडे अजून जिन्यातच. शेवटी कशीबशी चौकट जुळली. मी डावा डोळा झाकला. लाल खोक्यातल्या चादरी निळ्या होत्या, नीळ जास्त झालेल्या कपड्यांसारख्या. आणि तुझ्या चादरी पांढऱ्या होत्या. नुसत्या पांढऱ्या नाहीत, एकीवर ऊन पडलेलं, दुसरी सावलीत, तिसरीतून पलीकडची धोबीण अंधूक दिसतेय. मग उजवा झाकला. सगळं पिवळं, अगदी मी लिहिलं होतं तसं. पुन्हा डावा झाकला. असं किती वेळा केलं देव जाणे. आईने माझा हात खाली ओढला आणि म्हणाली, पुरे आता, औषध घालायची वेळ झाली. डोळ्यात थेंब घालून घेताना मी रडलो. थेंब वाया गेले म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कधीपासून असेल? म्हणाल्या, असं एका दिवसात होत नाही काका, आठ-दहा वर्षं हळूहळू चढत गेलं असणार, म्हणून तर कळलं नाही. मी हिशेब मांडला. आठ-दहा वर्षांतलं माझं एकूण एक पान खोटं. डोळ्यांत तेल घालून पाहतो अशी फुशारकी मारायचो! तर आता मी एकेक डिस्क परत बघणार आहे, सगळं नव्याने लिहिणार आहे. आईची माफी मागून झाली. ती म्हणाली, स्वेटरबद्दल की चादरींबद्दल? मी म्हटलं, दोन्हीबद्दल, आणि तुला काय कळतंय त्यातलं असं जितक्या वेळा म्हणालो त्या सगळ्याबद्दल. ती म्हणाली, मग बसा आता वर्षभर माफी मागत. तुझ्या कंपनीला पाठवायचं पत्र आणि माझ्या पानावर छापायचा कबुलीजबाब, दोन्ही या पाकिटात घातलंय. लाल पेन घेऊन बस आणि वाटेल तसं खोड. तू हो म्हटल्याशिवाय त्यातलं एक अक्षर मी कुठे पाठवणार नाही. मागच्या वेळी छापण्याआधी तुला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

ते लिखाण छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता. मी भांडणाच्या तयारीनेच उचलला होता. तू भांडली नाहीस. एवढंच विचारलंस, बाबा, तुम्ही डोळे तपासून घेतलेत का? मला वाटलं, टोमणा मारतेय. मी ताडकन फोन आपटला आणि चार वर्षं तो अपमान जपून ठेवला. माझ्या लिखाणातल्या रंगांवरून तुला त्याच दिवशी कळलं होतं, हो ना? तुझं सात महिन्यांचं काम मी मातीत घातलं होतं, आणि तू माझ्या डोळ्यांची काळजी करत होतीस. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलं. घेतले तपासून, पोरी. उशीर झाला, पण तपासून घेतले. माफ कर मला. डावा डोळा पुढच्या गुरुवारी करायचा होता, तो मी पुढे ढकललाय. तू आल्याशिवाय करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंना सांगून आलोय, आणि आई त्यावरून रोज मला फाडून खातेय. तू ये, दोन्ही रिमोट हातात घे आणि ती चौकट थांबव. मी तुझ्यासमोर आधी एक डोळा झाकीन, मग दुसरा, आणि काय दिसतं ते मोठ्याने सांगेन. ते तू माझ्या तोंडून ऐकलंस की मग या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला मी मोकळा.

तुझाच,
एक, दोन मोजून थांबलेला
बाबा