फोन लावण्याचा अधिकार

ती. लेंपीताईस,

हिल्काचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? इकडे तळ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरायला लागलाय. मंगळवारपासून तुला आमचा फोन एंगेज लागत असेल आणि तू फुगून बसली असशील. राग गिळ आणि वाच, कारण मी जिंकले आहे.

आमच्या मार्केत्ताचे कॅनडात दिवस भरले होते, हे तुला ठाऊकच आहे. बाळाची बातमी जावई कॉम्प्युटरवरच्या पत्राने कळवणार होता. आता आमचा कॉम्प्युटर पडला युनिक्सवाला. त्यात एक मालक असतो आणि बाकीचे सामान्य वापरकर्ते. मालक अर्थातच तैस्तो, आणि सामान्य मी. (नवऱ्याचा हा मोठेपणा लग्नात कुणी सांगितला नव्हता.) मी त्यावर पत्र लिहू शकते, पत्ते खेळू शकते, पण पत्रं आणायला टेलिफोनच्या तारेवरून मोडेमला फोन लाव म्हटलं की पडद्यावर उमटतं: परवानगी नाही. मालकाने फोन लावणाऱ्यांच्या गटात नाव घातलं असेल तरच लागतो म्हणे. अगं, निवृत्त होईपर्यंत या गावचं टपाल मी सांभाळलं, आणि माझ्याच नातवंडाची बातमी आणायला मला परवानगी नाही! तैस्तोकडे पासवर्ड मागितला, तर म्हणतो, "मालकाचा पासवर्ड बायकोलासुद्धा द्यायचा नसतो. पुस्तकात लिहिलंय." आणि हे गृहस्थ रविवारी मूस हरणाच्या शिकारीला निघणार, आठवडाभर रानातल्या खोपीत. म्हणजे बाळ येणार आणि बातमी मोडेमच्या पलीकडे ताटकळत बसणार.

शनिवारी वाफेच्या अंघोळीला सौना तापवला. सौनात भांडायचं नाही ही आईची शिकवण, म्हणून मी भांडले नाही. नुसती बादलीजवळ बसले, तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं आणि गोड आवाजात विषय काढला. तैस्तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. मी दुसरा डाव ओतला. वरच्या, सगळ्यात गरम बाकावरून आधी उतरणं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटतं. या घरात आधी मीच उतरते असं तो गावभर सांगत असतो. (मी उतरते ती कॉफी ठेवायला, पण हे त्याला कोण सांगणार!) मी ओतत राहिले. त्याचे कान उकडलेल्या बिटासारखे झाले.

"हिल्का, मरेन ना मी!"

"मग उतर की खाली."

"उतरणार नाही!"

"मग फोन लावणाऱ्यांच्या गटात मला घाल."

"घालतो गं बाई, घालतो! आधी तो डाव खाली ठेव!"

आणि टॉवेल गुंडाळून, अंगातून वाफा निघत असताना तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि एक ओळ टाइप केली. सौनात दिलेला शब्द तैस्तो मोडत नाही, एवढं त्याचं मान्य करायलाच हवं.

मंगळवारी मी स्वतः, माझ्या नावाने, फोन लावला. मोडेमने आधी शिट्टी घातली, मग घसा खरवडला, आणि पत्र आलं. मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. ताई, मी एकटीच ढसाढसा रडले. मग वेलदोड्याचे गोड पाव भाजले, एकटीनेच खाल्ले आणि फोन तोडायला बसले. पडद्यावर काय? परवानगी नाही. तैस्तोने मला फोन लावायचा अधिकार दिलाय, तोडायचा नाही. मी मागितलं होतं तेवढंच! या माणसाकडे सूप मागितलं तर चमचा वेगळा मागावा लागतो. तेव्हापासून आमची लाइन चालूच आहे.

तुझी विजयी,
हिल्का

ता. क. मोडेमची तार भिंतीतून उपटता येते, एवढं मलाही कळतं. पण खोपीजवळच्या दुकानात फोन आहे, आणि तैस्तो बातमीसाठी तिथून घरी सारखा फोन लावत असणार. लावू दे.

पुन्हा ता. क. इथे लागला नाही की तो तुलाच फोन करील. माझं एवढं काम कर. त्याला "तू आजोबा झालास" एवढंच सांग. मुलगा की मुलगी, ते आधी मालकाचा पासवर्ड वदवून घेतल्यावर. गयावया करील, विरघळू नकोस. आणि पासवर्ड बंद पाकिटात पाठव, पोस्टकार्डावर नको. पोस्टकार्डं कोण वाचतं ते मला चांगलं माहीत आहे.

शेवटचं. तू विरघळशील या भीतीने हे लिहिणार नव्हते, पण तुझ्यापासून लपवणं काही जमेना. मार्केत्ताने मुलीचं नाव लेंपी ठेवलंय.