चुलीजवळचा ओंडका

टेनेसी, १२ ऑक्टोबर १९७८

प्रिय आई,

घोडागाड्यांच्या काळातली ती सराय आता पाडणार नाहीत. ही बातमी आधी.

चूक माझीच होती. लाकडातली वलयं मोजायला मी सरायच्या भिंतीतल्या, चुलीजवळच्या ओंडक्यात भोक पाडलं. वय निघालं जेमतेम नव्वद वर्षं. सराय काही फार जुनी नाही, असं म्हणून गावच्या मंडळाने रस्ता रुंद करायला ती पाडायचं ठरवलं.

शेजारच्या म्हाताऱ्या ओपलबाई म्हणाल्या, "अगं पोरी, तो माझ्या आजोबांनी आगीनंतर बसवलेला! यंत्र आणलंस, विचारायला तोंड नव्हतं?"

मग दारावरचा ओंडका तपासला. त्यावरची साल शाबूत होती, म्हणजे शेवटचं वलयही, त्यामुळे झाड तोडल्याचं वर्ष नक्की मिळालं: १८११. काल ठराव मागे घेतला. ओपलबाईंनी मक्याचा पाव पाठवला, वर टोमणाही.

तुझा गुडघा कसा आहे? आणि हो, मी वेळेवर जेवते. झोपही लागते. कालपासून.

तुझी,
डार्लीन