जॉइंटमधली चुरचुर

अकोला

आई,
जय भीम. मी बरी आहो. केबल फुटल्याची बातमी पाहून घाबरू नको, मले काहीच लागलं नाही.

माह्यासंगं काम करणारा हसनैन मातर भाजला. बोटं वाचतीन म्हणतात. रोज दवाखान्यात त्याचा डबा नेऊन राहिली.

जमिनीखालच्या केबलचे आवाज यंत्रानं ऐकायचे अन् बिघाड व्हायच्या आधी सांगायचं, हेच माहं काम. मागच्या महिन्यात याच फुटलेल्या केबलच्या जॉइंटमधून, म्हणजे जोडातून, चुरचुर ऐकू आली होती, तेलात मोहरी टाकल्यावाणी. 'लाइन बंद करा' असं लिहाले पाहिजे होतं. मी लिहिलं, 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.' आता फोडणीतली मोहरी तडतडली का मी गॅसच बंद करून टाकते.

काल हसनैननं विचारलं, "ताई, तुमाले काहीच ऐकू आलं नोतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग कोणाचीच चूक नाही," म्हणाला अन् डोळे मिटून घेतले.

बाबाचा गुडघा कसा आहे? आपला धाकला अनुप धारणीवरून परतवाड्याले जीपच्या टपावर बसून तर नाही जात? बाबाले हे पत्र वाचून दाखवू नको.

पत्र पेटीत टाकलं का तशीच दवाखान्यात जाईन, हसनैनले खरं सांगाले.

तुही,
रश्मी